फर्स्ट इयर आर्किटेक्चर किट: पिशवीतलं काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

बी.आर्क.च्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला आणि वाशीच्या सेक्टर १७ मध्ये स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत काउंटरमागे तयार पिशव्या दिसू लागतात: ‘फर्स्ट इयर आर्किटेक्चर किट’. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर (आडव्या रेघा मारायची टी-आकाराची पट्टी), सेटस्क्वेअरची जोडी, स्केल, क्लच पेन्सिल, फ्रेंच कर्व्ह, वर्तुळांची आणि फर्निचरची टेम्प्लेट, कटर, छोटी कटिंग मॅट, डिंक, शीट होल्डर. सगळं एका फेरीत मिळतं म्हणून पालक खूश, आणि पडून असलेला मालही खपतो म्हणून दुकानदार खूश. अडचण एवढीच की पहिल्या सत्रातलं जवळजवळ निम्मं काम कापण्याचं आणि चिकटवण्याचं असतं, आणि पिशवी भरणाऱ्याने विचार केलेला असतो तो रेघा मारण्याचा.

म्हणून निकाल आधीच: पिशवी जशीच्या तशी उचलू नका. रेघा मारण्याचं सामान त्यातूनच घ्या, पण एकेक वस्तू काउंटरवर तपासून. कापण्याचं आणि चिकटवण्याचं सगळं सुटं, निवडून घ्या. बहुतेक दुकानदार पिशवी फोडून द्यायला तयार असतात; नाही म्हणाला तर पुढचं दुकान पन्नास पावलांवर असतं. किमती इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण हंगामात त्याच टी-स्क्वेअरचा भाव दुकानागणिक बदलतो.

बोर्ड आणि टी-स्क्वेअर

ए वन शीट ८४१ × ५९४ मिमीची असते. तिच्याभोवती टेप लावायला आणि टी-स्क्वेअरचं डोकं फिरायला जागा हवी, म्हणजे बोर्ड साधारण ९२० × ६५० मिमी तरी हवा. किटमध्ये कधी कधी ए टूच्या मापाचा बोर्ड सरकवलेला असतो. तो पहिल्या मोठ्या शीटलाच अपुरा पडतो. स्टीलची लांब पट्टी बोर्डावर तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उभी धरा आणि खालून उजेड दिसतो का बघा. मधोमध फट दिसली तर बोर्ड वाकलेला आहे आणि पावसाळ्यात तो आणखी वाकेल. डावी कड बोटाने चाचपून पाहा. टी-स्क्वेअरचं डोकं त्याच कडेवर सरकतं, तिथे एक खाच असली तरी प्रत्येक आडवी रेघ त्या जागी उडी मारते.

टी-स्क्वेअरची पहिली परीक्षा डोक्याची. एका हातात डोकं, दुसऱ्या हातात पात्याचं टोक धरून हलकेच पिरगळा. सांधा जरासाही हलला तर तो बाजूला ठेवा. स्क्रू आवळून तात्पुरतं भागतं, पण महिन्याभरात पुन्हा सैल होतो. दुसरी परीक्षा पात्याची. कडेला धरून एक लांब रेघ मारा, टी-स्क्वेअर उलटा करा आणि तीच दोन टोकं जोडणारी दुसरी रेघ त्याच कडेने मारा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ. मध्ये फट दिसली तर खरी चूक त्या फटीच्या निम्मी असते, पण ए वनच्या लांबीवर तेवढीही चालत नाही. सेटस्क्वेअरचा काटकोनही असाच तपासतात: लंब काढा, सेटस्क्वेअर पालथा घाला, त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढा. वर जाता जाता रेघा फाकल्या तर तो सेट परत करा. दुकानदाराला हे आवडत नाही. तरीही करा, कागद-पेन्सिल सोबत न्या.

काही पिशव्यांत टी-स्क्वेअरऐवजी मिनी ड्राफ्टर (बोर्डाला क्लॅम्पने बसणारा, दोन हातांवर सरकणारा कोनमापी) असतो. तो इंजिनीअरिंगच्या छोट्या शीटसाठी बरा, पण ए वनच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्याचे हात पोचत नाहीत, आणि क्लॅम्प हलवला की कोन पुन्हा लावावा लागतो. पॅरलल बार (दोरीवर बोर्डभर वर-खाली सरकणारी आडवी पट्टी) सर्वांत उत्तम, पण बोर्ड रोज कॉलेजात न्यायचा असेल तर त्याची दोरी सैल होत राहते. घरी एक बोर्ड कायमचा ठेवायला जागा असेल तरच त्यावर खर्च करा. वन बीएचकेत जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्यांनी स्टँडही घेऊ नये. बोर्डाच्या मागच्या कडेखाली दहा सेंटिमीटर उंचीची पुस्तकं ठेवली की सुमारे ९ अंशांचा उतार मिळतो. मान वाचते.

किटमध्ये अॅडजस्टेबल (कोन बदलता येणारा) सेटस्क्वेअर असेल तर तो खरोखर घेण्यासारखा आहे. जिन्याचा चढ आणि छपराचा उतार काढताना तो वेळ वाचवतो. शाईने काम करायचं असेल तर सेटस्क्वेअरची कड कागदापासून किंचित वर उचललेली हवी. नाहीतर शाई कडेखाली ओढली जाते आणि रेघेची नदी होते. तशी कड नसेल तर कडेपासून ३-४ मिमी आत, खालच्या बाजूने मास्किंग टेपचे तीन-चार थर चिकटवा, काम होतं.

स्केल घेताना त्यावर काय छापलंय ते वाचा. आपल्याकडे १:२०, १:५०, १:१००, १:२०० ही प्रमाणं लागतात. स्वस्त त्रिकोणी स्केलवर कधी कधी फूट-इंचांची प्रमाणं असतात, ती इथे निरुपयोगी. १:१०० ची बाजू स्टीलच्या पट्टीला लावून ३० मीटरची खूण ३० सेंटिमीटरवर येते का पाहा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर नको.

फर्निचरची टेम्प्लेट, फ्रेंच कर्व्ह, हवी तशी वाकणारी पट्टी यांवर पैसे घालवू नका. पहिल्या वर्षी खाट आणि कमोड हाताने, मापात काढायला शिकणं अपेक्षित असतं. टेम्प्लेट वापरणाऱ्याला खाटेची लांबी विचारली की तो टेम्प्लेटकडे बघतो.

पेन्सिल, पेन आणि पावसाळी कागद

किटमधल्या पेन्सिलींचा संच बहुधा एचबीकडे झुकलेला असतो. लागतात त्या २एच (बांधणीच्या पुसट रेघा), एच (मोजमापं), एचबी (मुख्य रेघा) आणि २बी (छेदलेल्या भिंती, स्केच). जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्या-वाशीच्या दमट हवेत कार्ट्रिज शीट (ड्रॉइंगचा जाड कागद) मऊ पडते आणि २एचचं टोक कागदात चर पाडतं. पुसल्यावरही तो चर उरतो, आणि वरून शाई फिरवली की ती चरात उतरते. पावसाळ्यात बांधणीच्या रेघा एचने, पण हात हलका ठेवून मारा.

गेटवे शीटचं, म्हणजे ट्रेसिंग पेपरचं, दुखणं वेगळं. ट्रेसिंग पेपर हवेतली ओल पटकन ओढतो आणि लाटा धरतो. दुकानातल्या रोलमधून काढून लगेच बोर्डावर ताणून चिकटवला तर अर्ध्या तासात मध्ये फुगवटा येतो आणि खालच्या शीटशी रेघा जुळत नाहीत. शीट आधी त्याच खोलीत वीस-तीस मिनिटं मोकळी पसरून ठेवा, मग चिकटवा. काम सुरू झाल्यावर एकदा टेप सोडवून पुन्हा लावा. खोलीत एसी असेल तर एका शीटचं काम एसी सुरू ठेवून किंवा बंद ठेवून पूर्ण करा, मध्येच बदलू नका.

पेनांत किटवाले बहुधा एकच ०.५ चा फाइनलायनर टाकतात. निदान तीन जाडी हव्यात: मोजमापांच्या रेघा आणि हॅचसाठी (भाग भरायच्या बारीक समांतर रेघा) ०.१, पलीकडे दिसणाऱ्या कडांसाठी ०.३, छेदलेल्या भिंतीसाठी ०.६ किंवा ०.८. ०.३ आणि ०.४ अशी जवळजवळची जोडी घेऊन उपयोग नाही, ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे शीट लावल्यावर, दोन मीटरवरून फरक दिसत नाही. शाई भरायचे रोटरिंग रॅपिडोग्राफ किंवा आयसोग्राफ सुंदर रेघ देतात, पण आठवडाभर न वापरता पडले की तुंबतात. तुंबलेली निब कोमट पाण्यात ठेवावी, आतली बारीक तार ओढून काढू नये. एकदा वाकली की निब गेली. पहिल्या वर्षी फाइनलायनर पुरेत.

गेटवेवर शाईची चूक झाली तर व्हाइटनर नको. शाई पूर्ण वाळू द्या, नव्या ब्लेडची कड जवळजवळ आडवी धरून हळूहळू खरवडा, मग खोडरबर फिरवा आणि नखाने घासून ती जागा पुन्हा गुळगुळीत करा. न घासता शाई फिरवली तर उठलेल्या तंतूंतून ती पसरते. ही युक्ती कार्ट्रिजवर चालत नाही.

कटर: इथे किट सपशेल नापास

पिशवीत येतो तो हलका प्लॅस्टिकचा कटर, त्याचं पातं खाचेत डगमगतं. डगमगणाऱ्या पात्याने मॉडेलच्या ५ मिमी बोर्डाची कड कधीच काटकोनात कापली जात नाही. वरून बरोबर दिसते, खालून दीड मिमी सरकलेली असते. मग चार भिंती जोडताना कोपऱ्यात फट पडते आणि दोष डिंकाला दिला जातो.

धातूचा खाचपट्टा असलेला ९ मिमीचा चांगला कटर घ्या, ओल्फा किंवा एनटी. सोबत ३० अंशांची टोकदार पाती मागून घ्या, साधी पाती सुमारे ६० अंशांची असतात. खिडक्यांचे कोपरे आणि जिन्याच्या पायऱ्या ३० अंशांनीच नीट निघतात. जाड पुठ्ठ्यासाठी १८ मिमीचा एक वेगळा. बारीक कामाला सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारं ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरचं ब्लेड उत्तम. ठाण्यात आणि वाशीत मोठ्या रुग्णालयांच्या आसपास अशी दुकानं असतात आणि ब्लेड सुटं मिळतं. हँडलचा नंबर नीट सांगा, ४ नंबरच्या हँडलवर ११ चं ब्लेड बसत नाही. ब्लेड बदलताना पकडीने ओढा, बोटांनी नाही. तुटलेली टोकं औषधाच्या जुन्या डबीत गोळा करा. कचऱ्याच्या पिशवीत टाकली तर सोसायटीत कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

कटरच्या पात्याचं बोथट टोक केव्हा तोडायचं? कापताना आवाज बदलला की. नवं पातं ‘स्स’ असा एकसारखा आवाज करतं, बोथट झालं की खरखर येते आणि फोम बोर्डाच्या गाभ्यातून दाणे निघू लागतात. दोन-तीन भिंतींमागे एक टोक तोडणं ही उधळपट्टी वाटते, पण नासलेला बोर्ड त्याहून महाग पडतो.

किटमधली प्लॅस्टिकची पट्टी कापायला वापरली की पहिल्याच दिवशी तिला दात पडतात. ३० सेंटिमीटरची आणि ६० सेंटिमीटरची अशा दोन स्टीलच्या पट्ट्या घ्या, मागे कॉर्कची पट्टी असेल तर घसरत नाहीत. पट्टी नेहमी जो तुकडा ठेवायचाय त्यावर ठेवा; पातं घसरलं तर ते टाकाऊ भागात घसरेल. फोम बोर्ड एका दमात कापू नका. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद, दुसरीत गाभा, तिसरीत खालचा कागद, आणि पातं रेघेच्या दिशेने जितकं झोपवाल तितका गाभा स्वच्छ कापला जातो. माउंट बोर्डाला (मॉडेलचा घट्ट पुठ्ठा) तीन-चार हलक्या फेऱ्या.

कटिंग मॅट ए फोरची असेल तर ती नाकारा. निदान ए थ्री, जमलं तर ४५ × ६० सेंटिमीटरची. मॅट उन्हात किंवा गरम इस्त्रीजवळ ठेवली की कायमची वाकते, बाल्कनीत वाळत घालू नका.

बोर्ड कोणता, आणि कशासाठी

आपल्याकडे ‘सनबोर्ड’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कड बघा. कागद, पांढरा दाणेदार गाभा, कागद असे तीन थर दिसले तर तो फोम बोर्ड. आरपार एकसारखं, किंचित चमकदार प्लॅस्टिक दिसलं तर तो पीव्हीसीचा. फोम बोर्डाला फेविकॉल चालतो. फेविक्विक किंवा फेविबाँड लावलं तर गाभा विरघळून पोकळी होते. पीव्हीसीला नेमकं उलटं: फेविकॉल नुसता सुकून निघतो, फेविक्विकने घट्ट बसतो. दुकानात नाव सांगून मागू नका, कड दाखवून मागा.

जाडी निवडताना आधी प्रमाण बघावं लागतं. २३० मिमीची विटांची भिंत १:१०० ला २.३ मिमी, १:५० ला ४.६ मिमी होते. म्हणून १:५० ला ५ मिमी बोर्ड चपखल बसतो, १:१०० ला २ मिमीच्या आसपासचा माउंट बोर्ड. ११५ मिमीची आतली भिंत १:१०० ला सव्वा मिमीसुद्धा नसते. तिला जाड आयव्हरी (गुळगुळीत कार्डशीट) दुहेरी चिकटवून वापरा. १:१०० च्या मॉडेलला ५ मिमी बोर्ड वापरला की भिंत अर्ध्या मीटरची होते, आणि ज्युरी विचारते की हा किल्ला आहे का. एकाच नावाच्या बोर्डाची जाडी कंपनीगणिक बदलते, त्यामुळे दहा बोर्डांची चळत एकत्र मोजून दहाने भागा.

हे सगळं सामान पारखायला नवी मुंबईतच एक नमुना आहे: सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट्स व्हिलेज. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी केलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ दरम्यान उभी राहिली. हेच कोरिया प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडणारे, आणि १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर तिचे प्रमुख वास्तुविशारद झाले. वसाहतीची मांडणी मॉडेलसाठी अगदी सोयीची आहे. सात घरं ८ × ८ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन गट मिळून २१ घरं १२ × १२ मीटरच्या मोकळ्या जागेभोवती. त्यापुढे आणखी मोठा चौक. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, आणि प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला हवं त्याने आपलं घर वाढवावं.

सात घरांचा एक गट १:१०० ला केला तर चौक ८ सेंटिमीटरचा होतो आणि सगळा गट ३५ सेंटिमीटरच्या चौरस बेसवर आरामात बसतो. २१ घरं दाखवायची तर १:२०० ला उतरा, मधला चौक ६ सेंटिमीटरचा. पहिल्या खेपेला हमखास होणारी चूक म्हणजे शेजारच्या घरांच्या भिंती पाठीला पाठ लावून चिकटवणं. मग योजनेचा गाभाच जातो. दोन घरांमधली फट मॉडेलमध्ये दिसलीच पाहिजे, भले ती कितीही अरुंद असो.

भिंती कापताना जाडी वजा करायला विसरू नका. १:५० ला बाहेरून ८० × ६० मिमीची खोली ५ मिमी बोर्डात करायची तर दोन भिंती ८० मिमीच्या आणि दोन ५० मिमीच्या: ६० मधून दोन्हीकडचे ५-५ गेले. कोपऱ्यात बोर्डाचा गाभा दिसू द्यायचा नसेल तर लांब भिंतीच्या टोकाला आतून ५ मिमीची पट्टी, कागद आणि गाभा दोन्ही, कापून काढा. बाहेरचा कागद तसाच ठेवा आणि दुसरी भिंत त्या खाचेत बसवा. अशा वेळी ती दुसरी भिंत ५० नाही, जवळजवळ पूर्ण ६० मिमीची लागते, फक्त दोन्हीकडच्या बाहेरच्या कागदाची जाडी वजा करायची. पहिले दोन-चार कोपरे टाकाऊ तुकड्यांवर करून बघा, कारण पातं जरा खोल गेलं की बाहेरचा कागदही कापला जातो.

इथल्या उतरत्या छपरांसाठी मुलं खोक्याचा कोरुगेटेड पुठ्ठा सोलून लावतात. नेहमीच्या खोक्याच्या लाटा एकमेकींपासून सहा-सात मिमीवर असतात. १:१०० ला म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर रुंदीचं कौल! मंगलोरी कौल सुमारे २३ सेंटिमीटर रुंद असतं. आयव्हरी शीटवर संपलेल्या बॉलपेनने सव्वादोन-अडीच मिमीवर समांतर चर दाबून काढा, छप्पर एकदम मापात दिसतं आणि फुकटात होतं.

तिथे जाऊन बघणं कोणत्याही पुस्तकी प्रेरणेपेक्षा उपयोगी आहे, पण मूळ घरांतली बरीच आता पाडून वाढवून बांधलेली आहेत. मापं चौकाची, वाटांची, उंबऱ्यांच्या उंचीची घ्या; कुणाच्या अंगणात टेप ताणायचा तर आधी विचारा. ५ मीटरचा टेप एकट्याने ८ मीटरच्या चौकाला पुरत नाही, १५ किंवा ३० मीटरचा फायबर टेप आणि दुसरा माणूस न्या. मूळ घर आणि नंतरची वाढ अशी दोन रंगांत नोंद केली तर त्या एका शीटवर डिझाइनच्या तासाला बराच वेळ चर्चा होते.

डिंकाबद्दल थोडक्यात. फेविकॉल नळीतून थेट ओतू नका. झाकणात थोडा घेऊन टूथपिकने कडेला पातळ थर द्या, जोडा, मिनिटभर धरा. जास्त डिंक जास्त पकड देत नाही, ओल देतो, आणि माउंट बोर्ड वाकतो. मोठा कागद बेसवर चिकटवायला फेविकॉल नकोच, फुगे येतात. रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून थोडं वाळू द्या आणि मग दाबा. अॅक्रेलिकला फेविक्विक लावला की सांध्याभोवती पांढरी धूसर छटा येते. त्याला साइनबोर्डवाले वापरतात ते पातळ द्रावक बारीक ब्रशने सांध्याच्या कडेला टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. वाफ घातक असते, खिडकी उघडी आणि पंखा सुरू हवा, बंद हॉस्टेल रूममध्ये हे काम नको.

लेझर कटिंगची सेवा

वागळे इस्टेटमध्ये आणि तुर्भे-महापे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात साइनबोर्ड आणि गिफ्टचं काम करणारे लेझरवाले विद्यार्थ्यांचं कामही घेतात. पहिल्या सत्रात याची गरज नाही, हाताने कापायला शिकण्याआधी लेझर म्हणजे पैसे देऊन हात आंधळे करणं. पण साइटच्या काँटूरला (जमिनीचा चढउतार दाखवणारे थर) किंवा जाळीच्या भिंतीला ही सेवा पैसा वसूल आहे. दर बहुधा मशीन चालल्याच्या मिनिटांवर, आणि ती मिनिटं फाइलवर ठरतात. शेजारच्या दोन तुकड्यांची कड सामाईक ठेवली की एक रेघ वाचते. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा मशीन दोनदा कापतं: वेळ दुप्पट, कड कोळसा. ऑटोकॅडमध्ये फाइल पाठवण्याआधी ओव्हरकिल कमांड चालवा.

फाइल १:१, मिलिमीटरमध्ये. एकक इंचात राहिलं तर सगळं २५.४ पट मोठं किंवा छोटं येतं आणि ऑपरेटर घाईत असला तर त्याच्या लक्षात येईलच असं नाही. म्हणून कोपऱ्यात १०० मिमीचा चौरस काढून त्यावर माप लिहा. कापायच्या, नुसत्या ओरखडायच्या आणि कोरायच्या रेघा तीन रंगांत ठेवा. लेझरची रेघ स्वतः ०.१ ते ०.२ मिमी माल खाते, त्यामुळे खाचेत खाच बसवायची असेल तर आधी दोन इंचांचा चाचणी तुकडा कापून घ्या. ३ मिमी म्हणून मिळणारा एमडीएफ मोजला तर २.७ही निघतो. छोटे तुकडे जाळीतून खाली पडून हरवतात. प्रत्येकाला अर्ध्या-एक मिमीचा पूल सोडा आणि घरी येऊन कटरने तोडा. कडेभोवती धुराचे डाग नको असतील तर वरून मास्किंग टेप लावून कापायला सांगा.

पीव्हीसीचा सनबोर्ड लेझरला कुणी घेत नाही आणि घेऊही नये. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो; तो फुप्फुसांना घातक, आणि मशीनचे धातूचे भागही गंजवतो. एखादा दुकानदार ‘चालेल, कापून देतो’ म्हणाला तर तिथून माल उचलून दुसरीकडे जा. एमडीएफ, अॅक्रेलिक, माउंट बोर्ड, आयव्हरी चालतं. एमडीएफचे कटपीस प्लायवुडच्या दुकानात मागितले तर स्वस्तात मिळतात, पण लेझरवाल्याच्या बेडचं माप आधी विचारा.

प्लॉट

प्लॉटिंगवाल्याकडे, म्हणजे मोठ्या शीट छापून देणाऱ्याकडे, डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) घेऊन जाऊ नका. त्याच्या संगणकावर तुमचे फाँट नसतात आणि रेघांच्या जाडीची फाइल नसते, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येतात. पीडीएफ न्या, आणि ‘फिट टू पेज’ बंद आहे ना ते स्वतः बघा. तो पर्याय सुरू राहिला की १:१०० चं ड्रॉइंग १:१०३ वगैरे होतं, डोळ्यांना कळत नाही, ज्युरीने स्केल टेकवलं की कळतं. शीटवर १० सेंटिमीटरची पट्टी छापा आणि काउंटरवरच मोजा. ए वन २४ इंची रोलवर निघते, कारण रोल ६१० मिमीचा आणि शीटची आखूड बाजू ५९४. उरलेल्या १६ मिमीतच दोन्हीकडचा समास. त्यामुळे चौकटीपर्यंत रंग भरलेली शीट असेल तर ३६ इंची रोल मागा.

प्लॉटवर हाताने रंगवणार असाल तर मशीन कोणतं ते विचारा. इंकजेटच्या प्रिंटवर वॉटर कलर लावला की रेघा पसरू शकतात. टोनरच्या प्रिंटवर मार्कर फिरवताना कधी कधी काळं उठून मार्करच्या टोकाला लागतं आणि महागडा मार्कर मळतो. शीटच्या कोपऱ्यावर नमुना करून बघा. सबमिशनच्या आदल्या रात्री रांग लागते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लागते.

वाहून न्यायचं सामान

किटमधला लांबी वाढणारा शीट होल्डर ए वनसाठी आतून किमान ६१ सेंटिमीटर उघडला पाहिजे. काही जेमतेम ए टूपुरते असतात. पाणी झाकणातून शिरत नाही, मधल्या सरकत्या सांध्यातून शिरतं. त्या जागी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा आणि शीट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. मॉडेलचा बेस ४५ × ४५ सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकलच्या दारातून गर्दीत तेवढाच आडवा जातो. मोठा बेस लागतच असेल तर तो दोन भागांत करा, खालून दोन स्क्रू-पट्ट्यांनी जोडता येईल असा. आणि सकाळच्या वेळी साध्या डब्याच्या नादी न लागता मालडब्यात चढा, तिथे टोपल्यांच्या शेजारी मॉडेलला निदान जमिनीवर जागा मिळते.